सगळे प्रोटॉन धन, मग केंद्रक फुटत का नाही?

लालबागची_आई
मुलगी नववीत आहे. काल भांडी पुसता पुसता म्हणाली, "आई, सजातीय प्रभार एकमेकांना ढकलतात ना? मग सोन्याच्या केंद्रकात ७९ प्रोटॉन एकत्र कसे राहतात?" शिकवणीत "गुरुत्वाकर्षणामुळे" असं सांगितलं म्हणे. मला काही ते पटलं नाही, पण मी कॉमर्सची. कुणी नीट सांगेल का?

परळचा_मास्तर
ताई, आधी मुलीला शाबासकी द्या. गुरुत्वाकर्षण नक्कीच नाही. दोन प्रोटॉनांमधला विद्युत रेटा त्याच्या १ वर ३६ शून्यं इतक्या पटीने मोठा असतो. दोन फेम्टोमीटरवर (एक फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा लाख कोटीवा भाग) तो जवळजवळ ६ किलो वजनाइतका भरतो. एवढ्याशा कणावर!

केंद्रकातल्या कणांना धरून ठेवतं ते प्रबळ बल. रात्रशाळेत २२ वर्षं मी हे चुंबकांनी शिकवलं. लॅमिंग्टन रोडवरून दोन चकत्या आणायच्या, सारखे ध्रुव समोरासमोर, मध्ये दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी. लांबून एकमेकींना झिडकारतात. जोर लावून टेकवल्या की पट्टी धरते. प्रबळ बलाचंही तसंच, दोन-तीन फेम्टोमीटरपलीकडे ते जाणवतच नाही. दिवसभर राबून आलेली पोरं चकत्या हातात घेतल्या की ताठ बसायची.

आता न्यूट्रॉन, केंद्रकातला दुसरा कण, शास्त्रज्ञ चॅडविकने १९३२ साली शोधलेला. त्याला प्रभार नाही, म्हणजे तो रेटा वाढवत नाही, पट्टी मात्र आणतो. खरी मेख इथे आहे: चिकटणं फक्त शेजाऱ्याशी, ढकलणं मात्र प्रत्येक प्रोटॉनचं प्रत्येक प्रोटॉनशी. म्हणून कार्बनच्या ६ प्रोटॉनांना ६ न्यूट्रॉन पुरतात, सोन्याच्या ७९ ना ११८ लागतात. शिशाहून जास्त प्रोटॉन असले की न्यूट्रॉन कितीही घाला, केंद्रक कायमचं टिकत नाही. युरेनियम किरणोत्सारी आहे तो त्यामुळेच.

मानखुर्दकर
सर, मग नुसत्या न्यूट्रॉनांचंच केंद्रक का नसतं? ढकलाढकलीच नको.

परळचा_मास्तर
दोन न्यूट्रॉनांची पकड जोडी टिकण्याइतकी होत नाही, एक प्रोटॉन-एक न्यूट्रॉन ही जोडी मात्र टिकते. शिवाय सुटा न्यूट्रॉन सरासरी १५ मिनिटांत मोडतो आणि त्याचा प्रोटॉन होतो. ती प्रोटॉन-न्यूट्रॉनची जोडी म्हणजेच जड हायड्रोजनचं केंद्रक. तुमच्या शेजारी ट्रॉम्बेला १९६० साली सायरस अणुभट्टी सुरू झाली, २०१० मध्ये बंद झाली; तिच्यातलं जड पाणी याच हायड्रोजनचं होतं.