मोटारींचा इतिहास सांगणारे काही सुचवा : भाची ९ वर्षांची, मर्यादा ८०० रुपये

चाफेकळी_आत्या : नमस्कार. माझी भाची पुढच्या महिन्यात ९ वर्षांची होईल. रस्त्यावरच्या गाड्या ती नुसत्या मागच्या दिव्यांवरून ओळखते, परंतु परवा तिने विचारले, "पहिली गाडी चालवायला कोणी कोणाला शिकवले?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. मोटारींचा इतिहास व त्यातले गाजलेले प्रसंग तिला कळतील असे पुस्तक, खेळणे किंवा आणखी काही सुचवावे. ८०० रुपयांच्या वर जाता येणार नाही आणि वस्तू पुण्यात मिळावी.

पेठेतला_वाचक : मोठ्या आकाराचे, गुळगुळीत कागदाचे इंग्रजी चित्रकोश मिळतात, त्यांतलाच एक घ्या. मला २,३०० रुपये पडले. तुम्ही रक्कम थोडी वाढवा. माझी प्रत घरपोच आली तेव्हा एक कोपरा भिजून फुगलेला होता आणि चिरंजीव गेली दोन वर्षे केवळ शर्यतीच्या गाड्यांची पाने उघडतात. सुरुवातीची चाळीस पाने अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. तरीही माझे मत पुस्तकालाच आहे.

धातूची_गाडी : पुस्तकापेक्षा धातूचे मॉडेल घ्यावे. माझ्याकडे ११२ आहेत. फोर्डच्या 'मॉडेल टी'चे एकास अठरा मापाचे मॉडेल मी ४,५०० रुपयांना घेतले. विकणारे छातीठोकपणे सांगतात की ही गाडी फक्त काळ्या रंगात निघे, पण ते अर्धेच खरे आहे. १९०८ मध्ये ती आली तेव्हा इतर रंगही होते. केवळ काळा रंग राहिला तो १९१४ पासून १९२५ पर्यंत. फोर्डच्या कारखान्यात १९१३ मध्ये सरकत्या पट्ट्यावर जुळणी सुरू झाली आणि बारा तासांहून अधिक लागणारे काम सुमारे दीड तासात होऊ लागले, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. मॉडेल मात्र मुलांच्या हाती देऊ नये. माझ्या पुतण्याने पहिल्याच दिवशी स्टीअरिंग उपटले. काचेच्या कपाटात ठेवावे.

चाफेकळी_आत्या : मुलीची भेटवस्तू मुलीला हातात देता येणार नसेल, तर अवघड आहे.

नेकारकाठचा_गडी : मी गेली अकरा वर्षे श्टुटगार्टला आहे. इथल्या मर्सिडीझ-बेंझच्या संग्रहालयात लिफ्टने सर्वांत वरच्या मजल्यावर नेतात. तिथे आधी एक पांढरा घोडा उभा दिसतो आणि मग १८८६ पासून एकेक काळ पाहत खाली उतरायचे असते. ज्याने हे पाहिले त्याला पुस्तकाची गरज उरत नाही. भाचीला उन्हाळ्याच्या सुट्टीत इकडे पाठवा.

चाफेकळी_आत्या : ८०० रुपयांत ती लोणावळ्यापर्यंत जाऊन परत येईल.

इतिहासाचा_तास : १८८६ पासून सुरुवात करणे हीच मुळात चूक आहे. फ्रान्सच्या क्यून्यो या लष्करी अभियंत्याने तोफा ओढण्यासाठी वाफेवर चालणारे तीनचाकी वाहन १७६९ मध्येच चालवून दाखवले होते आणि त्याचे १७७० चे वाहन आजही पॅरिसमध्ये पाहायला मिळते.

नेकारकाठचा_गडी : ते चाकांवर ठेवलेले बॉयलर होते, सर. कार्ल बेंझ यांच्या पेटंटचा क्रमांक ३७४३५ आणि अर्जाची तारीख २९ जानेवारी १८८६ आहे. पेट्रोल इंजिनाच्या मोटारीचा जन्म तिथून धरतात.

इतिहासाचा_तास : 'पेट्रोल इंजिनाच्या' हे शब्द आपण आत्ता घातलेत. असो. आत्याबाई, एक बिनखर्चाचा उपाय सांगतो. ब्रिटनमध्ये १८६५ च्या कायद्यानुसार यांत्रिक वाहनाच्या पुढे एका माणसाने लाल झेंडा घेऊन पायी चालायचे आणि वाहनाने गावाबाहेर ताशी ४ मैलांच्या वर जायचे नाही, असा नियम होता. मी शिकवत असताना हा प्रसंग मुलांकडून करवून घेत असे. झेंडेवाला होण्यासाठी भांडणे लागत.

गॅरेजवाले_काका : मुलीने काय विचारले आहे, ते कोणीच वाचलेले दिसत नाही. पहिल्यांदा कोणी कोणाला शिकवले नाही, हेच उत्तर आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेंझ यांच्या पत्नी बर्था नवऱ्याला न सांगता १५ आणि १३ वर्षांच्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे शंभर किलोमीटरहून थोड्या अधिक अंतरावर, माहेरी निघाल्या. गाडीत इंधन मावायचे साडेचार लिटर. पेट्रोल पंप हा प्रकारच नसल्याने वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी लिग्रोइन नावाचे डाग काढायचे द्रव्य विकत घेतले. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीला लावायच्या लांब पिनेने ती मोकळी केली. तारेचे आवरण गेले तेव्हा मोज्याचा पट्टा गुंडाळला. चढावर मुलांनी गाडी ढकलली आणि उतारावर ब्रेकचे लाकूड झिजले म्हणून चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले. आज आम्ही गिऱ्हाइकाला 'लायनर गेले' म्हणतो, ते इथून सुरू झाले. दुकानात कोणतेही पुस्तक उघडाल तर १८८८ चे पान काढा. तिथे बर्थाबाई नसतील तर पुस्तक खाली ठेवा.

पेठेतला_वाचक : म्हणजे शेवटी पुस्तकच, जे मी आधीच सांगितले होते.

नगरची_सून : लांब कशाला जाता? आमच्याकडे रणगाड्यांचे संग्रहालय आहे, तिथे रोल्स-रॉईसची जुनी चिलखती मोटारही आहे. फक्त दुपारी जाऊ नका, रणगाडे उघड्यावर आहेत. माझ्या मुलाने तापलेल्या पत्र्याला हात लावला आणि परतीच्या वाटेत इतिहासाऐवजी बर्फाचा गोळा झाला.

दोन_मुलांची_आई : मुलांच्या पुस्तकांत अपघातांचा उल्लेख नसावा, असे मला वाटते. आमचा धाकटा असे एक पान पाहून महिनाभर रिक्षात बसेना.

गॅरेजवाले_काका : ताई, मग पट्टा का लावायचा ते कसे सांगणार? व्होल्व्होच्या निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये तीन बिंदूंचा पट्टा केला आणि कंपनीने ते पेटंट इतर सर्वांना वापरू दिले. माझ्या मते मोटारीच्या इतिहासातला तो फोर्डच्या पट्ट्याइतकाच मोठा प्रसंग आहे. दोन्ही पट्टेच!

चाफेकळी_आत्या : सर्वांचे आभार. पुस्तक, मॉडेल, संग्रहालय यांपैकी काहीच घेतले नाही. रविवारी जुन्या बाजारातून ३०० रुपयांना एक जुना कार्बोरेटर, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, आणला, ओळखीच्या मेस्त्रींकडून धुऊन घेतला आणि अंगणात वर्तमानपत्र पसरून भाचीला एक स्क्रूड्रायव्हर दिला. काल संध्याकाळी तिने वरचे झाकण काढले, आतला पितळी फ्लोट कानाशी हलवून पाहिला आणि सुटलेले स्क्रू माझ्या हळदीकुंकवाच्या वाटीत मोजून ठेवले. काकांची बर्थाबाईंची गोष्ट मी तेव्हाच सांगितली. आता ती माझ्या साडीची पिन घेऊन एका पितळी नळीच्या बारीक भोकात खुपसते आहे.

गॅरेजवाले_काका : ती आधी काढून घ्या! तो जेट आहे, त्याच्या भोकातून मोजकेच पेट्रोल जाते. पिनेने भोक मोठे झाले की गाडी पेट्रोल पिते. बर्थाबाईंनी नळी साफ केली होती, जेट नव्हे.

चाफेकळी_आत्या : काढून घेतली. ती म्हणते, याला गाडीच नाही तर पेट्रोल कोण पिणार?

धातूची_गाडी : कार्बोरेटर कोणत्या गाडीचा आहे? विकणार असाल तर कळवावे.