एक इंग्रजी शब्द, तीन नोकऱ्या: तुमची फजिती सांगा

राजारामपुरीचा मास्तर
परवा आठवीच्या पोरांना फळ्यावर एवढंच वाक्य दिलं: 'द ओल्ड मॅन द बोट.' सगळ्यांनी लिहिलं, 'म्हातारा माणूस नाव.' क्रियापद कुठाय विचारलं तर वर्ग चिडीचूप. इथे 'ओल्ड' म्हणजे म्हातारी मंडळी, हे नाम. आणि 'मॅन' हे क्रियापद, नावेवर माणूस म्हणून राबणं. म्हातारी मंडळी नाव चालवतात, झालं वाक्य. एकानं विचारलं, "सर, मग शब्दाला कळतं कसं, आज आपण कोण ते?" त्याला कळत नाही, तो कुठं उभा आहे त्यावरून ठरतं. जुन्या इंग्रजीत प्रत्यय होते. प्रेम म्हणजे 'लुफु' आणि प्रेम करणं म्हणजे 'लुफिअन'. शेपट्या झिजल्या आणि दोन्हींचं 'लव्ह' झालं. आपला 'णे' अजून शाबूत आहे, म्हणून आपण फसतो.
नाम, क्रियापद, विशेषण अशा तिन्ही कामांना जुंपलेल्या शब्दानं तुम्हाला कुठं आपटवलं, ते लिहा. व्याकरणाचे नियम नकोत, फजिती हवी.

लेथवाला, उद्यमनगर
मास्तर, माझी फजिती महागातली हाय. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात लिवलेलं, 'राउंड ऑल कॉर्नर्स'. मी वाचलं, सगळे कोपरे गोल हायत. म्हटलं, बरं झालं, कास्टिंगच गोल येतंय, आपल्याला काय काम न्हाई. 40 नग पाठवले, 40 च्या 40 परत आले. ती माहिती नव्हती, हुकूम होता! तवापासनं ड्रॉइंगवरच्या दर शब्दाला आधी विचारतो, बाबा, तू सांगतोयस का करायला लावतोयस?
(त्याच ड्रॉइंगवर 'ब्रेक शार्प एजेस' पण असतंय. नवीन पोरगं हातोडा घेऊन आलं होतं. हसलो खरा, पण आपण तरी धार 'मोडतो'च की.)

महाद्वार रोडची काकू
लेक लंडनला असते. नवरात्रात तिच्या घरमालकिणीनं व्हिडिओवर विचारलं, जेवलात का? मी ऐटीत, "नो नो, आय ॲम फास्ट." बाई "व्हेरी गुड" म्हणून हसल्या, मी पण खूश. मग लेक म्हणाली, आई, मी फार वेगवान आहे असं सांगितलंस तू त्यांना. आणि त्याच सकाळी मी अंबाबाईच्या रांगेत तीन तास मुंगीच्या पावलानं सरकले होते!
जिवाला लागलं, म्हणून शब्दकोश काढला. 'फास्ट'चा मूळ अर्थ घट्ट, पक्का. साडीच्या दुकानात 'रंग फास्ट आहे' म्हणतात, तो हाच. त्यातूनच नेम घट्ट धरणं, म्हणजे उपवास. आपणही उपवास 'धरतो'च ना? इंग्रजांची आणि आमच्या आजीची इथं गाठ पडेल असं वाटलं नव्हतं. आता ब्रेकफास्ट म्हणजे उपवास सोडणं. मिसळीवर कट ओतून उपवास सोडणारे आपणच.

वॉर्ड नंबर चार
मी नर्स. ऑपरेशननंतर एका काकांना कामावर रुजू होण्यासाठी 'फिट सर्टिफिकेट' दिलं. कागद बघून काका तापले, "मला फिट कधी आली ओ? नोकरी घालवताय काय माझी?" त्यांना समजावता समजावता मलाच फिट यायची पाळी आली. इंग्रजीतही 'फिट' म्हणजे झटका, बसवणं आणि धडधाकट, तिन्ही. आपण मात्र प्रत्येक वेळी सोबत कुणीतरी देतो: फिट येते, नळ फिट करतात, आजा अजून फिट हाय. काकांच्या कागदावर शब्द एकटाच आला होता.

हुपरीकर
आमच्या चांदीच्या धंद्यात 'फाइन' म्हणजे शुद्ध चांदी. 70 टंचाच्या 1 किलोत 700 ग्रॅम फाइन. मोबाईलवर बँकेचा मेसेज आला, 'फाइन 500'. वडील म्हणाले, "अर्धा किलो कुणी पाठवली रे?"

गॅदरिंगवाली
'प्रेझेंट' भेटवस्तू किंवा हजर असेल तर जोर सुरुवातीला, सादर करायचं असेल तर जोर शब्दाच्या पुढच्या भागावर. हे ठाऊक नसताना मी माइकवर 'वुई प्रेझेंट' म्हणाले, जोर नेमका सुरुवातीला. मागच्या रांगेतून आवाज आला, "यस मॅडम!"

राजारामपुरीचा मास्तर
लेथवाले, त्या 40 नगांचं पुढं काय झालं?

लेथवाला, उद्यमनगर
काय व्हायचं? घरला फोन केला, जेवून घ्या म्हणून, आणि कानस घेऊन बसलो. रात्री 11 ला शेवटचा कोपरा राउंड झाला. आता ह्यातला 'राउंड' कोण, ते तुम्ही सांगा मास्तर.