आईची पहिली हाफ मॅरेथॉन आणि तीन तासांची मर्यादा : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

येत्या डिसेंबरात माझी आई (वय ५६) पुण्यात पहिली हाफ मॅरेथॉन पळणार आहे, मी तिच्या सोबतीला आहे. तिचं माहेर आष्टी तालुक्यातलं, धावपटू अविनाश साबळेच्या गावाकडचं. त्याने २०२० मध्ये दिल्लीत एक तास ३० सेकंदांत हाफ पळून राष्ट्रीय विक्रम केला, तेव्हापासून हे अंतर आईच्या मनात आहे. दहा किलोमीटर ती आरामात पळते.

अडचण वेळेची आहे. आमच्या शर्यतीला तीन तासांची मर्यादा आहे, नंतर रस्ता वाहनांना खुला होतो. आईचा लाँग रनचा पेस किलोमीटरला साडेआठ मिनिटं. म्हणजे २१.०९७५ किमीला २ तास ५९ मिनिटं, जेमतेम. त्यात मार्ग मोजताना वळणांवर सगळ्यात जवळची रेषा धरतात. आपण गर्दी चुकवत, पाण्याच्या टेबलाकडे वळत पळतो, त्यामुळे घड्याळात २१.३ सहज भरतात. तिथेच तीन तास उलटले, आणि पाणी प्यायला थांबणं अजून धरलेलंच नाही.

तिला दामटून जोरात पळवायचं नाही. चार मिनिटं पळणं, एक मिनिट भरभर चालणं असं पहिल्या किलोमीटरपासून केलं तर एकूण वेळ कमी होतो का? सोळा किलोमीटरनंतर तिचे पाय जड होतात आणि पेस नऊच्या पुढे जातो, म्हणून विचारते. की आधी सलग पळून दमल्यावरच चालावं? ज्यांनी दोन्ही करून पाहिलं आहे त्यांनी नक्की लिहा. शिवाय ही मर्यादा बंदूक वाजल्यापासून मोजतात की आपली चिप (वेळ नोंदवणारी, अंगावर लावलेली) स्टार्ट लाइन ओलांडते तेव्हापासून? आम्ही मागच्या रांगेत असू, तिथे सुरुवातीलाच काही मिनिटं जातील. आयोजकांना मेल केला आहे, उत्तर यायचं आहे.

दुसरं, आईला बीपी आहे आणि तिच्या गोळ्यांत बीटा ब्लॉकर आहे. डॉक्टरांनी ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करून पळायला हरकत नाही असं सांगितलंय. पण या गोळीने नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे घड्याळातले हार्ट रेट झोन तिच्या उपयोगाचे नाहीत. सध्या पळताना पूर्ण वाक्य बोलता येतं का एवढंच बघतो. अशी गोळी घेऊन हाफ पळलेलं कुणी आहे का? चढावर जोर किती लावायचा हे तुम्ही कशावरून ठरवता?

पाण्याबद्दलही सल्ला हवा. ओळखीचे बरेच जण सांगतात, प्रत्येक पॉइंटवर पाणी प्यायचंच. पण हळू पळणारे तीन तास नुसतं पाणी पीत राहिले तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं, आणि मला ही भीती जास्त वाटते. तहानेप्रमाणे प्यावं हे पटतं, पण डिसेंबरात पहाटे गारठा असतो, तहान उशिरा कळते. इलेक्ट्रॉलचं पाणी सोबत ठेवावं का? किती?

सराव तळजाई टेकडीवर चालतो. मातीची वाट गुडघ्यांना बरी, पण शर्यत डांबरी रस्त्यावर आहे. रविवारच्या लाँग रनसाठी सहकारनगर-बिबवेवाडीच्या बाजूला पहाटे पाचला दिवे असलेला, कुत्र्यांचा त्रास नसलेला, त्यातल्या त्यात सपाट रस्ता कुणी सुचवेल का? लांब जायचीही तयारी आहे.

तीन तास झाले की मागून येणारी गाडी उरलेल्यांना बसा म्हणते. आई म्हणते, मी फुटपाथवरून जाईन पण पूर्ण करीन, आणि ती करेलच. पण तिला मेडल फिनिश लाइनवर, वेळेत मिळावं असं मला फार मनापासून वाटतं. तेव्हा या बेताचा पेसर (ठरलेल्या वेळेत पोचवायला सोबत पळणारा) असतो का, की मीच तिची पेसर व्हायचं, हेही सांगा.