संक्रांतीचं हळदीकुंकू: विधवा बायकांना बोलवायचं की नाही?

तिळवडी: आमच्या तालुक्याच्या गावात महिला मंडळाचं सामुदायिक हळदीकुंकू संक्रांत ते रथसप्तमीच्या मधे मंगल कार्यालयात असतं. दीडएकशे बायका, उखाणे, लहान पोरांचं बोरन्हाण, वाणाला स्टीलची वाटी नाहीतर गाळणी. मागच्या वर्षी आमची एक मैत्रीण, नवरा २०२१ ला कोरोनात गेला, सकाळपासून रांगोळी, मसाला दूध सगळ्यात राबली आणि कुंकवाची थाळी फिरायला लागली तशी उठून आत भांडी विसळत बसली. तिला कुणी ऊठ म्हटलं नव्हतं, पण बस असंही कुणी म्हटलं नाही, मी पण नाही. ते डोक्यातून जातच नाही. यंदा सगळ्या बायकांना आमंत्रण आणि कुंकू, वाण, तिळगूळ सगळ्यांना सारखंच, असं माझं म्हणणं आहे. मंडळात दोन तट पडलेत.

जुन्या_पेठेतली_माई: अगं, मन दुखावलं हे खरंच वाईट. पण हळदीकुंकू सवाष्णींचंच असतं, नवऱ्याला आयुष्य मागायचं असतं त्यात. माझी ४० वर्षांची श्रद्धा आहे, ती चूक कशी? तिळगूळ समारंभ वेगळा ठेवा, त्याला सगळ्यांना बोलवा, मी स्वतः लाडू करून आणते.

पंचगंगाकाठ: माई, वेगळा ठेवला की वेगळं पाडणं आलंच ना? आमच्याकडे शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ ला ठराव केला, नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र जोडवी काढणं बंद. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं वर्ष होतं. त्याच महिन्यात सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींना परिपत्रक काढून हेच करा म्हणून कळवलं. एका खेड्याने करून दाखवलं तर तालुक्याच्या गावाला काय अवघड आहे?

जुन्या_पेठेतली_माई: ठराव करून मनं बदलत नाहीत रे बाळा. उद्या निम्म्या म्हाताऱ्या यायच्याच बंद झाल्या तर कुणाला एकत्र आणलं आपण?

रानजाई: मी स्वतः विधवा आहे, ९ वर्षं झाली, म्हणून लिहिते. असंच एका ठिकाणी "सर्वसमावेशक" म्हणून बोलावलं होतं, गेले हौसेने, तर आम्हा सहा जणींना स्टेजवर एका ओळीत उभं करून कुंकू लावलं, टाळ्या झाल्या, फोटो काढले आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गावाच्या मोबाईलवर. माझ्या सासूने दोन दिवस तोंड फिरवलं ते मला सोसलं पण मुलगा म्हणाला आई तुझा फोटो असा का टाकला, त्याला काय सांगू? मी रोज टिकली लावते, त्याला कुणाची परवानगी नको मला. मला बाकीच्यांसारखं खुर्चीवर बसायचंय, गप्पा मारायच्यात, वाण घेऊन घरी यायचंय. सत्कार नकोय. आणि माई, वेगळ्या दिवशीचा तिळगूळ पण नकोय, खरंच राग मानू नका.

पंचगंगाकाठ: ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. पण मग काहीच न बोलता गप्पपणे केलं तर ज्या दारापाशी घुटमळतात त्यांना कळणार कसं की आपल्याला पण आत यायचंय?

रानजाई: घरी जाऊन बोलवा. पत्रिका हातात द्या, सवाष्णीच्या घरी देता तशीच.

जुन्या_पेठेतली_माई: राग नाही गं. माझी धाकटी जाऊ पण तशीच आहे, ती सणाला माहेरी निघून जाते, मी कधी विचारलंच नाही का जाते. तरी माझ्या हातून मी कुंकू लावेन का, आज नाही सांगू शकत. खोटं कशाला बोलू.

तिळवडी: माई, लावायची सक्ती कुणालाच नको. थाळी फिरवायच्या ऐवजी दाराशी टेबलावर हळदीकुंकवाची कोयरी, अत्तर, गुलाबपाणी ठेवलं आणि जिचं तिने लावून घेतलं तर? तुम्ही वाणाच्या टेबलावर बसा, येईल तिच्या हातात वाण तुम्ही द्यायचं. मैत्रिणीकडे मी उद्याच जातेय, पत्रिका घेऊन. आणि दुधाचं काम यंदा माझ्याकडे.