लडलोच्या विटांमागचं लाकूड

इंग्लंडमधल्या लडलो गावात ब्रॉड स्ट्रीटवरची सगळी घरं जॉर्जियन (साधारण १८व्या शतकातल्या शैलीची) आहेत, असं कुणालाही वाटेल. दर्शनी भाग तसे आहेत, हे खरं. पण त्यातल्या अनेकांमागे जुना लाकडी सांगाडा उभा आहे. १८व्या शतकात फॅशन म्हणून पुढून विटांची भिंत चढवली. ओळखायचं असेल तर बाजूच्या बोळात शिरून छपराचा उतार पाहा. पुढच्या भिंतीच्या मानाने तो फार तीव्र असेल किंवा खिडक्यांची अंतरं विषम असतील, तर संशय घ्यायला जागा आहे.

याच गावातलं फेदर्स हॉटेल (इमारत १६१९ची) मात्र उघडंच लाकडी. अशा घरांचा आजचा ठसठशीत काळा-पांढरा रंग बऱ्याच ठिकाणी व्हिक्टोरियन काळातली हौस आहे. ओक नुसता ठेवला की राखाडी पडतो, आणि तोच बरा दिसतो.

दुरुस्तीबद्दल: सिमेंटचा गिलावा नकोच. ओक हलतो, सिमेंट हलत नाही. कडेला फट पडते, पाणी आत जातं आणि तिथेच अडकतं. सर्वांत आधी कुजते ती तळाची आडवी तुळई. कुडाच्या (लाकडी चौकटींत विणलेल्या काटक्यांच्या) भरावावर एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू, त्यात जनावरांचे केस, असा गिलावा पातळ थरांत द्यावा. पारा ५ अंशांखाली जाणार असेल तर कामाला हात लावू नये. ओलसर गोणपाट टांगून गिलावा सावकाश सुकू द्यावा. इमारत संरक्षित यादीत असेल तर परवानगी आधी, नाहीतर थेट फौजदारी गुन्हा.