तोच सेन्सर, तेच बोर्ड : आर्डुइनोत २७, मायक्रोपायथनमध्ये ८५ आणि प्लॅटफॉर्मआयओत उणे १२७

प्रश्न : तुतीवाला (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

आमच्याकडे तुतीवरील रेशीम कीटकांचे संगोपनगृह आहे. अळ्यांना साधारण २४ ते २८ अंश तापमान मानवते आणि आपल्याकडे फाल्गुन सरता सरता पत्र्याखाली चाळिशी गाठली जाते. म्हणून कूलर आपोआप सुरू-बंद व्हावा यासाठी मी नोडएमसीयू (ईएसपी८२६६ चिपचे छोटे प्रोग्राम करता येणारे) बोर्डाला डीएस१८बी२० हा धातूच्या नळीतला तापमानाचा सेन्सर जोडून त्यावर रिले (कूलरची वीज चालू-बंद करणारा स्विच) चालवतो. डेटाची तार बोर्डावरील डी४ या खुणेला जोडलेली आहे आणि ती तार व ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रोध आहे.

आर्डुइनो आयडीई या प्रोग्राम लिहिण्याच्या साधनातून चढवलेला प्रोग्राम महिनाभर बिनतक्रार चालला. नंतर भाच्याने तेच काम मायक्रोपायथन या भाषेत लिहिले. आता भारनियमनानंतर वीज परत आली की पहिले वाचन ८५ येते आणि पहाटेच्या गारव्यातही पाच मिनिटे कूलर फिरतो. पुढची वाचने ठीक वाटतात, पण भिंतीवरचा पाऱ्याचा तापमापक ३१ दाखवत असताना पडद्यावर २८ असते. मी स्वतः प्लॅटफॉर्मआयओ हे प्रोग्राम लिहिण्याचे दुसरे साधन वापरून पाहिले, तर तिथे सतत उणे १२७ येते. सेन्सर दोनदा बदलून झाला. दोष सेन्सरचा की सॉफ्टवेअरचा?

उत्तर : जुना रेडिओवाला (वरुड)

भाऊ, सेन्सर पुन्हा बदलू नका. ८५ आणि उणे १२७ ही दोन वेगळ्या दुखण्यांची लक्षणे आहेत.

या सेन्सरला वीज मिळताच त्याच्या स्मृतीत ८५ हाच आकडा असतो आणि पहिले मोजमाप पूर्ण होईपर्यंत तो तिथेच राहतो. बारा बिटांच्या अचूकतेने मोजायला सेन्सरला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. आर्डुइनोतील डॅलसटेम्परेचर ही लायब्ररी (तयार प्रोग्रामचा संच) मोजमापाची आज्ञा दिल्यावर तेवढा वेळ स्वतःहून थांबते, म्हणून तिथे आपल्याला हे कधी जाणवतच नाही. मायक्रोपायथनमधील ‘कन्व्हर्ट टेम्प’ ही मोजमापाची सूचना मात्र आज्ञा देऊन लगेच परत येते आणि थांबण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर सोडते. भाच्याने आज्ञेपाठोपाठ लगेच वाचन घेतले असणार. त्यामुळे पहिल्यांदा ८५ मिळतात आणि त्यानंतर प्रत्येक वेळी मागच्या फेरीचे, म्हणजे पाच मिनिटे शिळे तापमान हाती येते. तुमच्या २८ आणि ३१ मधला फरक त्यातूनच येत असावा. पडताळा सोपा आहे : केवळ रीसेटचे बटण दाबले तर सेन्सरची वीज जात नाही, म्हणून ८५ दिसणार नाही, पण ॲडॉप्टर काढून पुन्हा लावला की दिसेल.

उणे १२७ हे तापमानच नव्हे. सेन्सरकडून उत्तर आले नाही, एवढेच लायब्ररी त्या आकड्यातून सांगते. प्लॅटफॉर्मआयओत आपण बोर्ड कोणते निवडले आणि पिनच्या जागी काय लिहिले?

तुतीवाला

बोर्ड ‘जेनेरिक ईएसपी८२६६’ निवडले होते. त्याने डी४ हे नाव ओळखले नाही, म्हणून मी सरळ ४ लिहिले.

जुना रेडिओवाला

तिथेच गफलत झाली. नोडएमसीयूवर छापलेले डी४ म्हणजे चिपचा जीपीआयओ (चिपच्या पिनचा खरा क्रमांक) २, आणि जीपीआयओ ४ म्हणजे बोर्डावरील डी२. आपण मोकळ्या पिनला तापमान विचारत होता. भाच्याने मायक्रोपायथनमध्ये २ लिहिले असावे, म्हणून त्याला निदान सेन्सर तरी सापडला. माझे मत विचाराल तर तारच डी२ वर हलवा, कारण जीपीआयओ २ ची पातळी बोर्ड सुरू होताना वर असावी लागते आणि त्याच पिनवर बोर्डावरचा दिवाही असतो. तार हलवली की तुमचा ४ हा आकडा आपोआप बरोबर ठरेल. फक्त भाच्याला २ चे ४ करायला सांगा.

तुतीवाला (चार दिवसांनी)

तार हलवली आणि मायक्रोपायथनमध्ये ८०० मिलिसेकंदांचा थांबा घातला. दोन्हीकडे तापमान बरोबर येते आणि वीज परतल्यावरचे ८५ गेले. मात्र काल दुपारी दोनदा ८५ आलेच, दोन्ही वेळा नेमका कूलरचा पंप सुरू होताना.

उत्तर : मोटार-वाइंडिंगवाला (हिंगणघाट)

हेही सेन्सरला नव्याने वीज मिळाल्याचेच ८५ आहे, पण कारण वेगळे. रिले आणि बोर्ड एकाच ॲडॉप्टरवर असतील, तर रिले खेचताच किंवा पंपाचा झटका आला की व्होल्टेज क्षणभर बसते आणि सेन्सर मोजता मोजताच पुन्हा जन्म घेतो. रिलेला वेगळा ॲडॉप्टर द्यावा आणि सेन्सरपाशी लाल व काळ्या तारेमध्ये १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावावा. तार लांब असेल तर ती पंपाच्या वायरसोबत एकाच पाइपातून नेऊ नये. चिपमधील अंतर्गत पुल-अपच्या (डेटाची तार ३.३ व्होल्टकडे ओढून धरणाऱ्या रोधाच्या) भरवशावर बाहेरचा ४.७ किलोओहमचा रोध काढू नये. तो पुल-अप या कामाला फारच दुबळा असतो.

प्रोग्राममध्येही एक पहारा ठेवा. नेमके ८५, उणे १२७ किंवा ६० च्या वरचे काहीही आले तर ते वाचन टाकून पुन्हा मोजावे. आज आपल्याकडे फक्त कूलर आहे. उद्या हिवाळ्यात त्याच प्रोग्रामवर हीटर लावला, तर उणे १२७ चा अर्थ तो ‘कडाक्याची थंडी’ असा घेईल आणि रात्रभर पेटता राहील.

उत्तर : पोल्ट्रीवाला (अचलपूर)

ईएसपी३२ या दुसऱ्या चिपवर थर्मिस्टर (तापमानानुसार रोध बदलणारा सेन्सर) लावणाऱ्यांनाही असाच चकवा बसतो. आर्डुइनोत ॲनालॉग (व्होल्टेज मोजणाऱ्या) पिनचे ॲटेन्युएशन, म्हणजे आत येणारे व्होल्टेज कमी करण्याचे प्रमाण, मुळातच ११ डेसिबल असते. मायक्रोपायथनमध्ये ते ० डेसिबल असते आणि साधारण एक व्होल्टच्या वर आकडा ४०९५ या कमाल मूल्यावर चिकटून बसतो. माझ्या शेडमध्ये पिलांसाठीचे दिवे त्यापायी दोन दिवस बंद राहिले होते.

तुतीवाला

वेगळा ॲडॉप्टर आणि कपॅसिटर दोन्ही लावले. कालपासून पंप बावीस वेळा सुरू झाला, ८५ एकदाही आले नाही. वाचन टाकून देण्याची अट भाचा आज रात्री घालतो आहे. अळ्या चौथ्या कातीत आहेत, त्यामुळे तोपर्यंत भिंतीवरचा तापमापक काढलेला नाही.