एर्टिगानं बोट खिंडसी तलावावर न्यायची आहे, चढावर पुढची चाकं जागेवरच फिरतात

मनीषनगरकर:
गाडी एर्टिगा, पेट्रोल, मॅन्युअल. बोट १६ फुटी फायबरची, मागे ४० एचपीचं इंजिन. ट्रेलर एका अ‍ॅक्सलचा, ब्रेक नाही. धर्मकाट्यावर बोटीसकट ट्रेलर ६२० किलो भरला. मनसरपर्यंत हायवेवर गाडी आरामात ओढते, पण ७० च्या वर गेलं की ट्रेलर डुलायला लागतो. खरी पंचाईत काठावर. बोट पाण्यात सोडता येते, परत वर ओढताना पुढची चाकं फिरत राहतात. जो तो म्हणतो बोलेरो घे. गाडी न बदलता काही जमेल का?

कपलर५०:
जमेल. पण आधी डुलण्याचं बघा, ते जास्त धोक्याचं आहे.

बोटीचं इंजिन मागे लटकतं, त्यामुळे ट्रेलरचं नाक (गाडीला जोडायचं पुढचं टोक) हलकं राहतं आणि वेग वाढला की तो डुलतो. नाकावर एकूण वजनाच्या ७-८ टक्के भार हवा, म्हणजे तुमच्याकडे ४५ ते ५० किलो. मोजायला घरचा वजनकाटा पुरतो: सपाट जागी, कपलर (नाकावरची पकड) गाडीमागच्या टो-बॉलच्या उंचीवर येईल एवढा लाकडी ठोकळा काट्यावर ठेवा आणि नाक त्यावर टेकवा. कमी भरलं तर विंचचा खांब (बोटीचं तोंड ज्याला टेकतं तो) पुढे सरकवून बोट पुढे घ्या. तेवढ्यानं भागलं नाही तर अ‍ॅक्सल मागे न्यावा लागेल. रस्त्यात डुललाच तर ब्रेक मारू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा.

आता चढाव. गाडी दोन माणसांसकट साधारण १३५० किलो, त्यातले पुढच्या चाकांवर ७८० धरू. नाकाचा भार मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे पडतो म्हणून पुढून १५-२० किलो उचलले जातात. आठास एक चढावर आणखी पन्नासेक किलो मागे सरकतात. उरले ७०० च्या आसपास. गाडी आणि ट्रेलर मिळून वर न्यायला मुरमावर ३०० किलोची ओढ लागते. कोरडा, दाबलेला मुरूम तेवढी पकड देतो. ओली काळी माती निम्मीही देत नाही. म्हणजे दोष गाडीइतकाच जमिनीचा आहे. दिवाळीच्या सुमारास पाणी मुरमापर्यंत असतं, उन्हाळ्यात ते उतरलं की खाली गाळ उघडा पडतो. एप्रिलमध्ये तिथं बोलेरोचीही मागची चाकं गाळातच असतील. तुमची पुढची निदान अडीच मीटर वरच्या बाजूला, कोरड्यात असतात.

शेवटच्या रांगेत माणसं बसवून चाकं दाबली जातील असं समजू नका. ती रांग मागच्या चाकांच्या डोक्यावर आहे, पुढे काहीच येत नाही. डिकी रिकामी करा, एक माणूस शेजारच्या सीटवर बसवा.

रामटेक_साइड:
वरचं बरोबर आहे, पण गाडी पाण्याजवळ न्यायचीच काहून भाऊ?

ट्रेलर सुटा करून पट्ट्यानं ओढा. लिफ्टिंगचा पॉलिएस्टर पट्टा घ्या, २ टनी, १० मीटर. नायलॉनचा दोर नको. तो ताणला जातो आणि तुटला तर चाबकासारखा उलटा येतो. गाडी वर सपाटीवर, तोंड तलावाकडे. पुढच्या बंपरमधलं झाकण काढून टो-हुक घट्ट पिळा, पट्टा त्यात आणि ट्रेलरच्या दांड्यात अडकवा, मग रिव्हर्समध्ये हळू ओढा. एकट्या ट्रेलरची ओढ मुरमावर शंभरेक किलोचीच असते; चाकं गाळात रुतली असतील तर जास्त, म्हणून आधी फावड्यानं त्यांच्यापुढची माती काढा. ट्रेलरच्या नाकाचं छोटं चाक मुरमात घुसतं, त्याखाली १९ मिमी प्लायची फळी सरकवत राहा. पट्टा ताणलेला असताना मधे कोणी उभं राहू नये, नाक वळवायचं तर बाजूनं. ट्रेलर सपाटीवर आला की दोन्ही चाकांना गुटके लावा, मगच पट्टा सोडा.

अजून एक. एर्टिगाचा हँडब्रेक मागच्या चाकांवर आहे. उतारावर मागची चाकं ओल्यात असली तर हँडब्रेक ओढूनही गाडी पाण्याकडे घसरते. तुम्ही ट्रेलर जोडूनच उतरत असाल तर पुढच्या चाकांमागे गुटके लावल्याशिवाय ड्रायव्हरनं उतरू नये.

मनीषनगरकर:
नाकावर आत्ता १८ किलोच भरले. बोट पुढे घेतो. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून ओढलं तर?

कपलर५०:
आधी चालूच ठेवा. एक चाक फिरलं की तो त्याला ब्रेक लावतो आणि ताकद दुसऱ्या चाकाकडे जाते. अगदीच इंजिन दाबून टाकत असेल तर बंद करा, पण पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून. अर्ध्या क्लचवर दोन मिनिटं झगडलात की जळका वास येईल, मग चढाव राहिला बाजूला, टोचन शोधत बसाल.

ब्रेक नसलेल्या ट्रेलरला युरोपात गाडीच्या निम्म्या वजनाची मर्यादा आहे. तुमच्या गाडीला ती ६०० च्या आसपास येते, तुम्ही अगदी मर्यादेवर आहात. पेट्रोलची टाकी, बॅटरी, नांगर काढून गाडीत मधल्या रांगेच्या पायाशी ठेवा. त्यानं नाकाचा भारही बदलेल, परत मोजा. ट्रेलरला ओव्हररन ब्रेक (गाडी मंदावली की ट्रेलरच्या धक्क्यानं आपोआप लागणारा) बसवला तर उत्तमच. गाडीच्या मॅन्युअलमध्ये टोईंगबद्दल काय लिहिलंय तेही बघा.

सदर_गॅरेज:
बेअरिंग राहिलं. पन्नास किलोमीटर पळून ट्रेलरच्या चाकाचा हब (मधला भाग, ज्यात बेअरिंग असतं) तापतो. तसाच पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. दोन महिन्यांत ग्रीस दुधाळ, मग बेअरिंग जाम. काठावर पोचल्यावर हबला हात लावून बघा, हात ठेवता येईपर्यंत थांबा. मे महिन्यात अर्धा तासही लागतो. ग्रीस मरीन ग्रेडचं भरा. दिव्यांचा प्लग पाण्याआधी काढा, नाहीतर गरम बल्ब तडकतो.

आणि मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही वाहनच धरलंय. तुमचा लोकल बनवलेला असेल तर त्याच्या नोंदणीचं आरटीओत विचारून घ्या. बॉल निसटला तर म्हणून दोन साखळ्या, कपलरखाली एकमेकींवरून तिरक्या, वळताना ताणणार नाहीत पण जमिनीला घासणार नाहीत एवढ्याच लांब.